पाण्याचा वाटा : अर्थशास्त्र, निसर्गनीती आणि धम्म



वर्षावासाच्या काळात धम्मावर बोलावे, ही आपली परंपरा आहे. संस्थेने यंदा आमच्याकडे विषय सोपविला तो ‘अर्थशास्त्र आणि निसर्गाविषयीची नीती’ हा. धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. म्हणून प्रथम वर्षावासाचीच आठवण करून द्यावीशी वाटते. भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे, हा नियम कसा झाला हे विनयपिटकात सांगितलेले आहे. भर पावसात भिक्खू चारिका करीत. त्यांच्या पायांखाली हिरवे अंकुर तुडविले जात, लहान जीव मरत. लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी ती मान्य करून वर्षावासाचा नियम घालून दिला. ज्या प्रसंगासाठी आपण येथे जमलो आहोत त्याच्या मुळाशीच गवताच्या कोवळ्या पात्याची चिंता आहे. तेव्हा हा विषय बाहेरून आणलेला नाही, तो आपल्या घरचाच आहे.

अर्थशास्त्र म्हणजे काय? माणसाच्या गरजा पुष्कळ, साधने थोडी. या थोड्या साधनांचा वापर कसा करावा याचा विचार करणारे शास्त्र, असे आपण महाविद्यालयात शिकतो. यात वावगे काही नाही. अडचण येते ती हिशेबाच्या वहीत. बाजाराची वही किंमत लागलेल्या वस्तूचीच नोंद घेते. शेतकऱ्याने ऊस लावला तर बेणे, खत, मजुरी आणि कारखान्याचा भाव या सर्वांची नोंद होते. परंतु त्या उसासाठी शेजारच्या आडाचे पाणी किती खाली गेले, याची नोंद कोठेही होत नाही. ज्या बाईला त्या आडावरून रिकामा हंडा घेऊन परतावे लागले, तिच्या पायपिटीचा खर्च कोणाच्याही खात्यावर पडत नाही. एकाच्या व्यवहाराचा भार असा तिसऱ्याच्याच डोक्यावर पडतो, ही गोष्ट इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० सालीच आपल्या ग्रंथात मांडली होती. त्यांचा उपाय असा की, असा भार टाकणाऱ्यावर कर बसवावा. उपाय चांगला आहे. पण मूळ प्रश्न त्याने संपत नाही. हा भार नेहमी त्याच त्या लोकांच्या डोक्यावर का पडतो? येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात मानवी समाजाच्या आरंभाची एक कथा तथागतांनी सांगितली आहे. शेतात तांदूळ आपोआप पिकत असे. त्याला कोंडा नव्हता, तूस नव्हते. संध्याकाळी कापून नेला तर सकाळपर्यंत पुन्हा उगवलेला असे. लोक लागेल तेवढा घेत. मग एका आळशी माणसाच्या मनात आले, दोन वेळा जाण्यापेक्षा एकदाच आणून ठेवावा. दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार दिवसांचा, चौथ्याने आठ दिवसांचा. साठा सुरू झाला तसा तांदळाला कोंडा आला, तूस आले आणि कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. मग लोकांनी शेते वाटून हद्दी घातल्या. हद्दी आल्या तशी चोरी आली, चोरीपाठोपाठ खोटे बोलणे आले, काठी आली. आणि अखेर तंटे मिटविण्यासाठी लोकांनी आपल्यातील एकाला निवडून राजा केले.

ही कथा इतिहास म्हणून घ्यावयाची नाही. तिच्यातील कार्यकारणाची साखळी पाहावयाची आहे. तृष्णा, साठा, निसर्गाचे उत्पन्न आटणे, मालकी, गुन्हा आणि राज्यसंस्था असा तिचा क्रम आहे. निसर्गाचा ऱ्हास आणि समाजातील अन्याय हे दोन वेगळे विषय म्हणून सांगितलेले नाहीत. एकाच कृतीची ती दोन फळे आहेत. आजच्या पर्यावरणविषयक चर्चेत जी गोष्ट अनेकदा सुटून जाते, ती या प्राचीन सुत्तात आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निसर्ग वाचवायचा तर गरजा कमी करा, साधे राहा, असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. ई. एफ. शुमाखर हे ब्रिटनमधील अर्थशास्त्रज्ञ १९५५ साली सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेले होते. पुढे १९७३ सालच्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात त्यांनी ‘बौद्ध अर्थशास्त्र’ या नावाचे प्रकरण घातले आणि कमीत कमी उपभोगातून अधिकात अधिक कल्याण साधावे, हा विचार जगापुढे ठेवला. त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोन वेळचे अन्न नव्हते, त्यांना साधेपणाचा उपदेश कोणी करावा? दारिद्र्य म्हणजे अपरिग्रह नव्हे. ज्याला मिळाले आणि ज्याने मर्यादा घातली, तो अपरिग्रही. ज्याला मिळूच दिले नाही, तो वंचित. बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला स्पष्ट सांगितले आहे. कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो असा, की चोर वाढले म्हणून शिक्षा वाढवू नको. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला योग्य वेतन दे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा कशी वाढत गेली, याचे पायरीपायरीने वर्णन आहे.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसत्या जमिनीच्या तुकड्याच्या आकारावरून शेती किफायतशीर की तोट्याची हे ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे जमिनीशी प्रमाण कसे आहे यावर ते ठरते, असे त्यांनी दाखविले. आणि शेतीवरील अतिरिक्त माणसांचा भार कमी करण्यासाठी औद्योगिकीकरणाचा मार्ग सांगितला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची आखणी त्याच काळात झाली. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा विचार नदीचे सबंध खोरे डोळ्यांसमोर ठेवून करावा, अशी त्यांची दृष्टी होती. विकासाला पाठ दाखविणारे पर्यावरण बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही. त्याचबरोबर, थोड्यांसाठी सर्वांचे पाणी आटविणारा विकासही त्यात बसत नाही.

आता आपण पाण्याकडेच वळू, कारण अर्थशास्त्र, निसर्ग आणि नीती यांची गाठ जितकी पाण्यात पडते तितकी दुसऱ्या कशातही पडत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यात दाखविले आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही त्याच नदीवर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा विचार केला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याने सूचना मांडली. ती फेटाळली गेली आणि त्याला गृहत्याग करावा लागला. आपल्या धम्माच्या इतिहासात पाणीवाटपाचा प्रश्न पहिल्याच पानावर आहे.

आणि आपल्या चळवळीच्या इतिहासातही तो पहिल्याच पानावर आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीला कायद्याने मान्यता मिळण्यास दहा वर्षे लागली. महाडचे तळे आटलेले नव्हते. पाणी भरपूर होते, पण आपल्यासाठी नव्हते. म्हणून ‘पाणी आहे किती?’ या प्रश्नाबरोबर ‘ते कोणाचे?’ हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

आज पिण्याच्या पाण्याला मनाई करणे हा गुन्हा आहे. परंतु शेतीच्या पाण्याचे काय? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून अशी समजूत रूढ आहे की, जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचेच. जमीन कोणाची, हे आपल्या देशात जातीने ठरविले होते. याचा अर्थ उघड आहे. ज्याला जमीन नाही त्याला भूगर्भातील पाण्यातही वाटा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा जो मोठा सत्याग्रह झाला तो जमिनीसाठी होता. पण जमिनीसोबत पाणीही नाकारले गेले आहे, ही गोष्ट तितकीशी चर्चेत आली नाही.

१९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. त्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर गेली आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. कामाचा हक्क मान्य करणारा तो कायदा महाराष्ट्राला भूषणावह आहे. त्या कामांतून पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले, जमिनीत पाणी मुरले. माती कोणी खणली? पाट्या कोणी वाहिल्या? बहुतांशी भूमिहीनांनी आणि अल्पभूधारकांनी. पाणी कोठे वाढले? ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या विहिरीत. घाम एकाचा आणि पाझर दुसऱ्याचा. डोंगरावर चराईबंदी झाली, झाडे वाढली, हे चांगलेच झाले. पण दोन शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या बाईने शेळ्या कोठे न्याव्यात, हे जेथे ठरले नाही, तेथे हिरव्या डोंगराची किंमत तिनेच मोजली. निसर्ग सुधारला तरी न्याय आपोआप येत नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

दुसरी बाजूही पाहू. उसाखाली महाराष्ट्राच्या लागवडीचा अगदी थोडा भाग आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा तो घेतो. भावाची हमी, कारखान्याची सोय आणि सवलतीची वीज यांमुळे शेतकऱ्याच्या वहीत ऊसच फायद्याचा दिसतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. वहीच तशी आखलेली आहे. २०१६ साली लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत १० टाक्या होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. ज्या मराठवाड्यात रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच मराठवाड्यात वर्षानुवर्षे उसाचे क्षेत्र वाढत गेले होते. पाऊस कमी पडला हे खरेच. पण पावसाच्या तुटीला आपल्या हिशेबाच्या तुटीने दुष्काळाचे रूप दिले.

मग मार्ग कोणता? तो पुस्तकात शोधण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात तो प्रत्यक्ष चालून दाखविला गेला आहे. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंते आणि उद्योजक. १९७२ चा दुष्काळ पाहून ते अस्वस्थ झाले. नायगाव येथे देवस्थानची माळजमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग केले आणि ग्रामगौरव प्रतिष्ठानच्या वतीने ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. उसासारखे अति पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. योजनेच्या खर्चाचा काही भाग सभासदांनी स्वतः उचलायचा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, गावातील भूमिहीनालाही पाण्याचा हक्क आहे.

हे नियम केवळ पाटबंधाऱ्याचे नाहीत. अग्गञ्ञ सुत्तातील आठ दिवसांच्या साठ्याला दिलेले ते उत्तर आहे. पिकावरील बंधनाने तृष्णेला मर्यादा घातली. माणशी वाट्याने समता आणली. भूमिहीनाच्या हक्काने जमीन आणि पाणी यांची जुनी गाठ सोडविली. ज्या भूमिहीनाकडे पाण्याचा हक्क आहे, तो दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करण्यास बसला तर रिकाम्या हाताने बसत नाही. बोलणी करण्याची ताकद त्याच्या हाती असते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदूळवाडी येथील लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाची कथाही अशीच आहे. ठेकेदार नदीतील वाळू उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती. लोकांनी ती लूट थांबविण्यासाठी लढा दिला, मर्यादित वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला आणि पाण्यात भूमिहीनांसह सर्वांचा वाटा मान्य केला.

अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक साधनांचा नाश अटळ असतो हे मत त्यांनी खोडून काढले. स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील सामाईक राने, स्पेनमधील पाट यांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, लोक स्वतः नियम करून अशी साधने शतकानुशतके टिकवू शकतात. हे आपण आनंदाने स्वीकारावे. फक्त एक पुरवणी जोडावी. आपल्या खेड्यातही पाणवठ्याचे नियम होतेच, आणि त्या नियमांनीच आपल्याला पाणवठ्यापासून दूर ठेवले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर जी कठोर टीका केली, तिचे कारण हेच होते. तेव्हा गावाने नियम करणे पुरेसे नाही. नियम करणाऱ्यांच्या बैठकीत शेवटच्या घराचा माणूस, आणि त्या घरातील बाई, बसली आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

पाणी पंचायतीच्या सर्व योजना टिकल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही ठिकाणी विजेचे बिल जड झाले, काही ठिकाणी नगदी पिकाचा मोह आवरला नाही. परंतु योजना बंद पडली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. महाराष्ट्राने भूजलाच्या विकास व व्यवस्थापनाचा २००९ चा कायदा केला आहे. बेसुमार उपशाला आळा घालण्याची दिशा त्यात आहे. परंतु मर्यादा आणि वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्यादा निसर्गाला वाचविते, वाटा माणसाला वाचवितो. सम्यक आजीविकेला दोन्ही लागतात.

उपभोगाविषयीही आपल्या परंपरेत एक सुंदर प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला ते आवडले नाही. इतक्या चीवरांचे काय करणार, असे त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटू. फाटक्या चीवरांचे पलंगपोस करू, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, त्यांचे पुढे बिछायती, मग पायपुसणी, मग झाडणी. आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून लिंपण करू. राजाचे समाधान झाले. या उत्तराचा पहिला शब्द काटकसरीचा नाही, वाटपाचा आहे. आधी ज्याला नाही त्याला द्यायचे, मग काहीही वाया घालवायचे नाही. धम्माची निसर्गनीती या क्रमात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शिकून गावाबाहेर पडलात तरी गाव तुमच्या नात्यात आहे. सुटीत जाल तेव्हा एक काम करा. गावात विहिरी किती, विंधन विहिरी किती, त्या कोणाकोणाच्या, उन्हाळ्यात पाणी किती खोल जाते, वस्तीवरच्या आडाला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, याची वही करा. सरकारी योजनेत बांध, तलाव झाले असतील तर त्यावर मजुरी कोणी केली आणि त्यामुळे कोणाचे क्षेत्र भिजले, हे दोन रकान्यांत लिहा. बाजाराच्या वहीत जे येत नाही ते तुमच्या वहीत येऊ द्या. ती वही ग्रामसभेत वाचा. सभासद बंधू-भगिनींनाही विनंती की, विहाराच्या छपरावरचे पावसाचे पाणी मुरविण्याची सोय करा. आणि पाणलोटाची समिती होईल तेथे भूमिहीनांना केवळ कामावर घेऊन थांबू नका, त्यांचा पाण्यावरचा हक्क लेखी ठरावात घालण्याचा आग्रह धरा.

कोणतीही योजना पुढे आली, मग ती विकासाची असो वा पर्यावरणाची, तिला दोन प्रश्न विचारावेत. हिने तृष्णेला मर्यादा घातली का? आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला हिने वाटा दिला का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ती आपली योजना आहे, मग ती कोणीही आणलेली असो. एकाचेच उत्तर होय असेल तर काम अर्धे झाले आहे असे समजून उरलेल्या अर्ध्यासाठी संघटित व्हावे. महाडला आपण तळ्यावर गेलो तो पाण्याचा स्पर्श मिळविण्यासाठी. तो हक्क मिळाला. पाण्याचा वाटा मिळविणे अद्याप बाकी आहे, आणि ते काम तुमच्या पिढीचे आहे.